नाममुद्रा आणि सोळा घरे : मराठी हिप-हॉप, स्वतंत्र बीटमेकर आणि भोर-वेल्ह्याचा ध्वनिवारसा

हिप-हॉप या संगीतप्रकाराचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली म्हणजे रॅप, अर्थात ठेक्याच्या आधाराने यमकबद्ध शब्द बोलत-म्हणत जाण्याची कला. आणि दुसरी म्हणजे बीट, म्हणजे ज्या ध्वनिरचनेवर हे शब्द उभे राहतात ती तालाची, खर्जाची आणि सुरावटीच्या तुकड्यांची बांधणी. रॅप करणाऱ्याला रॅपर किंवा एमसी म्हणतात आणि बीट रचणाऱ्याला बीटमेकर किंवा प्रोड्यूसर. ही दोन्ही कामे करणारा जो कलाकार कोणत्याही संगीत कंपनीशी बांधलेला नसतो, आपले ध्वनिमुद्रण स्वतःच्या खर्चाने करतो, स्वतःच प्रसिद्ध करतो आणि त्याची मालकी आपल्याकडे ठेवतो, त्याला स्वतंत्र कलाकार म्हणण्याची प्रथा आहे. गेल्या दशकात मराठीत असे कलाकार मुंबई-पुण्याबरोबरच अमरावतीसारख्या शहरांतूनही पुढे आले. पुणे जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिमेकडील भोर आणि वेल्हे हे तालुके या घडामोडीपासून दूर आहेत असे वरवर पाहता वाटते. परंतु बीटमेकरला लागणारा कच्चा माल, म्हणजे माणसांचा आवाज, लय आणि सांगण्यासारखी हकीकत, या डोंगरी मुलखात इतका विपुल आहे, की मराठी हिप-हॉपपुढील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इथेच स्पष्टपणे दिसतो. तो प्रश्न म्हणजे आवाज कोणाचा आणि त्यावर नाव कोणाचे.

भोर हे पंत सचिवांच्या संस्थानाचे राजधानीचे गाव होते आणि हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. नीरेच्या काठी वसलेल्या या गावात आज आजूबाजूच्या खोऱ्यांतील मुले-मुली महाविद्यालयीन शिक्षणासाठी येतात. पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळहून भोरकडे आणि नसरापूरहून वेल्ह्याकडे फाटा फुटतो, आणि एसटीने स्वारगेटपर्यंतचा प्रवास जमेल तसा करत या मुलांपैकी अनेक जण पुढील शिक्षणासाठी किंवा कामासाठी पुणे गाठतात. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच तालुक्यात येतात. अशा गावातील विद्यार्थ्यासाठी हिप-हॉप ही केवळ ऐकण्याची गोष्ट उरत नाही, कारण ते रचण्यासाठी लागणारी साधने आता त्याच्या खिशातील मोबाईलमध्ये आलेली आहेत.

उगम आणि साधनांचा प्रवास

हिप-हॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मूळच्या जमैकाच्या क्लाइव्ह कॅम्पबेल, अर्थात डीजे कूल हर्क याने त्या दिवशी बहिणीने आयोजित केलेल्या समारंभात तबकड्या वाजवल्या. गाण्यातील ज्या भागात गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजतात त्या भागावर लोक अधिक उत्साहाने नाचतात, हे त्याने हेरले होते, आणि म्हणून दोन तबकड्यांच्या साहाय्याने तो तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लांबवत नेत असे. या तालतुकड्याला ब्रेक म्हणतात आणि हिप-हॉपच्या बीटचे मूळ या ब्रेकच्या पुनरावृत्तीत आहे. म्हणजेच आधीच कोणीतरी वाजवलेल्या, ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजातून नवे काही घडवणे हा या कलेचा पाया पहिल्या दिवसापासून आहे.

पुढील काळात यंत्रे बदलत गेली. रोलँड या जपानी कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेल्या टीआर-८०८ या तालयंत्राचा खोल, लांबत जाणारा खर्ज आजही रॅपच्या असंख्य गाण्यांत ऐकू येतो. बीटमेकर त्याला नुसते 'एट-ओ-एट' म्हणतात. रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी घडवलेले एमपीसी ६० हे यंत्र १९८८ मध्ये आले. त्याच्या सोळा रबरी गाद्यांवर ध्वनीचे तुकडे बसवून ते बोटांनी वाजवता येत असत, आणि त्यामुळे ध्वनिमुद्रणातील एखादा तुकडा कापून नव्या जागी वाजवण्याची क्रिया, जिला सॅम्पलिंग म्हणतात, ती एका माणसाला एका टेबलावर करता येऊ लागली. बेल्जियममधील इमेज-लाइन कंपनीने १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स हे संगणक-सॉफ्टवेअर आणले, जे आज एफएल स्टुडिओ या नावाने ओळखले जाते. आणि त्यानंतर मोबाईलवर चालणारी बँडलॅबसारखी अॅप आली. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले, आणि ज्या शिक्षणासाठी पूर्वी शहरातील स्टुडिओत उमेदवारी करावी लागे ते शिक्षण खेड्यातील मुलाला पडद्यावर मिळू लागले.

मराठीतील परंपरा आणि आजचे कलाकार

मराठीला ठेक्यावर बोलून हकीकत सांगण्याची सवय नवी नाही. शाहीर डफ घेऊन पोवाडा गातो, मागे झीलकरी तुणतुणे आणि झांजेच्या साथीने 'जी जी' चा झील धरतात, आणि शाहीर गाता गाता गद्यात उतरून पुन्हा लयीत शिरतो. अज्ञानदासाने रचलेला अफझलखानवधाचा पोवाडा हा शिवकालीन पोवाड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि भोर तालुक्यातील कारीचे कान्होजी जेधे यांच्यासारखे मावळचे देशमुख ज्या मोहिमेत सामील झाले होते तिचीच ती कहाणी आहे. हॅरी आर्बथनॉट अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्यातून अनेक शाहिरांची नावे टिकून राहिली. ती टिकण्याचे एक कारण असे, की शाहीर रचनेच्या शेवटी आपले नाव गुंफत असे. या प्रथेला नाममुद्रा म्हणतात आणि संतांच्या अभंगांतही ती आढळते.

विसाव्या शतकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने, तसेच आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवींनी, शाहिरीला श्रमिकांच्या आणि दलितांच्या हक्कांची भाषा दिली. आजचा मराठी रॅप याच परंपरेचा सरळ वंशज आहे असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण त्याची लय, यमकाची पद्धत आणि ध्वनिरचना ब्राँक्सकडून आलेली आहे. मात्र लोकांसमोर उभे राहून, नाव घेऊन, आपल्या वस्तीची गोष्ट ठेक्यात सांगणारा माणूस मराठी श्रोत्याला परका वाटला नाही, याचे श्रेय त्या परंपरेला द्यावे लागते.

मुंबईत 'स्वदेसी' या बहुभाषक गटातून एमसी मवाली, म्हणजे अकलेश सुतार, मराठीत रॅप करत आला. याच गटातील '१०० आरबीएच', म्हणजे सौरभ अभ्यंकर, अमरावतीचा असून त्याच्या रचनांतून वऱ्हाडी वळण ऐकू येते. २०१९ मध्ये 'गली बॉय' या हिंदी चित्रपटाने गल्लीतील रॅपकडे देशाचे लक्ष वेधले. पुण्यात 'खतरनाक हिप हॉप कलेक्टिव्ह'सारख्या गटाने मराठी रॅपची फळी उभी केली, तर ताडीवाला रस्ता परिसरातून पुढे आलेल्या एमसी स्टॅनने पुण्याच्या वस्तीतील हिंदीत रॅप केला आणि आपले बीटही स्वतःच रचले. त्याचा 'तडीपार' हा संग्रह २०२० मध्ये आला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस'चे सोळावे पर्व जिंकल्यावर तो घराघरांत पोहोचला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचे 'तांबडी चामडी' हे मराठी रॅप आणि हाऊस नावाच्या नृत्यसंगीताचा मेळ घालणारे गीत नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीने प्रसिद्ध केले. मराठी शब्द कोणत्याही मोठ्या चित्रपटाच्या आधाराशिवाय जगभरातील नृत्यमंचांवर जाऊ शकतात, हे त्यातून दिसले.

सोळा घरांची रचना

बीट कसा घडतो हे समजण्यासाठी त्याच्या सर्वांत लहान एककाकडे पाहणे सोयीचे ठरते. हिप-हॉपमध्ये चार ठोक्यांचा एक बार असतो आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, की सॉफ्टवेअरच्या पडद्यावर सोळा घरांची एक ओळ तयार होते. केरव्याची आठ मात्रांची दोन आवर्तने या सोळा घरांत नेमकी बसतात, त्यामुळे भजनात किंवा लोकगीतात हात बसलेल्या वादकाला ही रचना लवकर उमगते. पहिल्या घरावर सहसा किक, म्हणजे पायाने वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ढोलासारखा जड ठोका येतो; पाचव्या आणि तेराव्या घरावर स्नेअर, म्हणजे टणक, फुटणारा ठोका येतो; आणि मधल्या घरांवर हाय-हॅट या झांजेसारख्या वाद्याची सततची टिकटिक चालते. दुसरी किक कुठे टाकायची, कोणते घर रिकामे सोडायचे आणि कोणता ठोका नेमक्या जागेपेक्षा किंचित उशिरा आणायचा, यावर त्या बीटचा स्वभाव ठरतो. ठोका असा सूक्ष्म उशिरा आणण्याला स्विंग म्हणतात, आणि यंत्राने मोजून टाकलेल्या ठोक्यांत माणसाच्या हाताची ऊब त्यामुळेच येते.

बीटचा वेग दर मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांत मोजला जातो. जुन्या वळणाच्या, बूम-बॅप नावाच्या शैलीत तो साधारण ९० च्या आसपास असतो. या वेगाला एक बार सुमारे पावणेतीन सेकंदांत संपतो आणि रॅपरचे सोळा बारांचे एक कडवे सुमारे ४३ सेकंदांचे होते. ड्रिल या अलीकडील शैलीत वेग १४० च्या आसपास जातो, परंतु स्नेअर विरळ ठेवल्यामुळे ऐकणाऱ्याला चाल संथ भासते. त्या संथपणात रॅपर शब्दांची दाटी करू शकतो.

या सोळा घरांत मराठी ओळ कशी बसते हे एका साध्या उदाहरणाने पाहता येईल. 'भाटघरच्या पाण्याखाली आजोबांचं शेत' अशी ओळ रचली, तर बोलीतील उच्चाराप्रमाणे 'भाट' हे लांब अक्षर पहिले आणि दुसरे घर व्यापते, 'घर' तिसऱ्यावर आणि 'च्या' चौथ्यावर येते. 'पाण्याखाली' या शब्दाची चार अक्षरे पाचव्यापासून आठव्या घरापर्यंत, आणि 'आजोबांचं' या शब्दाची चार अक्षरे नवव्यापासून बाराव्या घरापर्यंत बसतात. 'शेत' हा शब्द नेमका तेराव्या घरावर, स्नेअरच्या ठोक्यावर पडतो, आणि उरलेली तीन घरे श्वासासाठी मोकळी राहतात. पुढच्या ओळीचे यमक, मग ते 'रेत' असो वा 'बेत', पुन्हा तेराव्या घरावर आणले की कान ते आपोआप जोडतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' बोलताना गळतो, म्हणून 'शेत' हा लेखनात दोन अक्षरांचा शब्द ठेक्यात एकाच आघाताचा होतो, आणि असे आटोपशीर शब्द स्नेअरवर चांगले वाजतात. उलट 'करणाऱ्यांच्यासाठी' यांसारखे प्रत्यय जोडत लांबलेले शब्द ओळीच्या मध्यभागी वेग वाढवण्यासाठी उपयोगी पडतात. रॅपर ज्याला फ्लो म्हणतात तो ऱ्हस्व-दीर्घ अक्षरे घरांवर वाटण्याच्या या कौशल्याचाच भाग आहे, आणि प्रमाणभाषेपेक्षा बोलीत तो अधिक सहज साधतो, कारण बोलीने शब्दांचे कोपरे आधीच झिजवून गोलसर केलेले असतात.

त्या ओळीतील विषयही मनाने रचलेला नाही. गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात पूर्ण झालेल्या भाटघर धरणाच्या पाण्याखाली वेळवंडी खोऱ्यातील जमीन गेली, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की कांबरे येथील जुने शिवमंदिर उघडे पडते. वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात महापूर आला. त्या पुराच्या आठवणी पुण्यात पुष्कळ लिहिल्या गेल्या, पण धरणांसाठी ज्यांची गावे उठली त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे अजून खूप उरले आहे. रॅप हा प्रथमपुरुषी, ठिकाणाचे नाव घेऊन बोलणारा प्रकार असल्याने अशा हकीकतींना त्याच्याइतके अनुकूल माध्यम आज दुसरे क्वचितच सापडेल.

ओवीचा साठा आणि सॅम्पलिंगची कसोटी

भोर-वेल्हे ज्यात येतात त्या मावळ मुलखाकडे बीटमेकरच्या दृष्टीने अमोल असा आणखी एक ठेवा आहे. समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले त्यांचे सहकारी गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या माध्यमातून काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवण्यास आरंभ केला. पुढे हे काम महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांपर्यंत पोहोचले आणि एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. संगीतशास्त्र आणि संगणक या दोन्हींचे जाणकार असलेल्या बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात यांपैकी काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले, आणि २०१७ पासून पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केला. या संग्रहाची सर्वांत मोठी थोरवी अशी, की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदवलेले आहे. शाहिराने नाममुद्रेने जे साधले ते पहाटे अंधारात दळणाऱ्या बाईला कधी मिळाले नव्हते. संग्राहकांनी ते तिला मिळवून दिले.

बीटमेकरने अशी ओवी हाती घेतली, तर पहिली अडचण लयीची येते. जात्यावरची ओवी घड्याळी ठोक्यावर गायलेली नसते. जात्याच्या फेऱ्याला, हाताच्या जोराला आणि दोघी जणी दळत असतील तर दोघींच्या श्वासाला धरून ती ताणली आणि आखडली जाते, आणि मधल्या जागा 'बाई' यासारख्या शब्दांनी भरून काढल्या जातात. सोळा समान घरांत तिला बसवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सॉफ्टवेअरने आवाज ताणून किंवा दाबून प्रत्येक अक्षर घरावर आणणे. यात ठेका पक्का होतो, परंतु आवाजातील कंप आणि दमाची खूण पुसली जाते. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा आहे. त्यात ओवीचा केवळ एक तुकडा, उदाहरणार्थ ओळीच्या शेवटी खाली उतरणारा स्वर, निवडून तो पहिल्या घरावर सोडायचा, त्याच्या मूळ उतरण्याला धक्का लावायचा नाही, आणि खर्जाची सुरावट त्याच्या षड्जाशी जुळवून भोवतालचे ठोकेच त्याच्या चालीने मागे-पुढे सरकवायचे. असा बीट ऐकताना यंत्र बाईच्या मागे चालते आहे हे जाणवते, आणि चांगल्या सॅम्पलिंगची कसोटी हीच आहे.

दुसरी अडचण हक्कांची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध गिल्बर्ट ओसुलिव्हन याच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल निकाल दिला, आणि तेव्हापासून सॅम्पलसाठी आधी परवानगी घेण्याची शिस्त या व्यवसायात आली. भारतातील १९५७ चा प्रताधिकार कायदा एका गाण्यात अनेक वेगवेगळे हक्क मानतो. शब्दांवर गीतकाराचा आणि चालीवर संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणावर ते तयार करणाऱ्याचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. आणि प्रत्यक्ष गाणाऱ्या किंवा वाजवणाऱ्या व्यक्तीला सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षे मिळतो. पारंपरिक ओवीचे शब्द कोणा एकाच्या मालकीचे नसले, तरी एखाद्या बाईने स्वतः रचलेली ओवी तिचीच असते, आणि तिच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणावर तर स्वतंत्र हक्क असतातच. '१९९० च्या दशकातली जुनी टेप आहे, लोकगीत आहे, म्हणजे कोणीही घ्यावे' ही सर्रास ऐकू येणारी समजूत म्हणूनच चुकीची आहे.

या बाबतीत 'स्वदेसी' गटाचे 'द वारली रिव्होल्ट' हे २०१९ चे गीत मार्गदर्शक ठरते. मुंबईच्या आरे जंगलातील आदिवासींच्या प्रश्नावरील या गीतात आरेतील रहिवासी आणि कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि ते सहकलाकार म्हणून, नावानिशी, गीतात सामील आहेत. ज्याची गोष्ट आहे तो कच्चा माल म्हणून वापरला जात नाही, तर निर्मितीत भागीदार होतो, हा त्यातील धडा आहे. भोर-वेल्ह्यातील ढोल-लेझीम पथके, धनगरी गजनृत्याचे ढोलकरी आणि ओव्या आठवणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांचे आवाज जो कोणी मुद्रित करील, त्याने हा धडा गिरवायला हवा.

मालकी आणि मिळकत

जो दुसऱ्याचा हक्क मानतो त्याला स्वतःचाही हक्क कळलेला बरा. बीटच्या व्यवहारात दोन प्रकार असतात. लीज म्हणजे भाडेतत्त्व. यात एकच बीट अनेक रॅपरना मर्यादित वापरासाठी दिला जातो आणि मालकी बीटमेकरकडे राहते. एक्सक्लुझिव्ह म्हणजे केवळ एकालाच दिलेला बीट, आणि तो अर्थातच महाग असतो. इंटरनेटवरून स्वस्तात लीज घेतलेल्या बीटवर गाणे केले आणि त्याच बीटवरच्या दुसऱ्या गाण्याच्या कर्त्याने यूट्यूबच्या स्वयंचलित ओळखप्रणालीत नोंद केलेली असली, तर प्रामाणिक कलाकाराच्या गाण्यावरही दावा येतो आणि त्याचे उत्पन्न अडकते. म्हणून परवाना कागदावर घेणे आणि जपून ठेवणे हे रॅपरच्या कामाचाच भाग आहे. बीटच्या आरंभी ऐकू येणारी बीटमेकरच्या नावाची छोटी आरोळी, जिला टॅग म्हणतात, ती नुसती हौस नसते. शाहिराच्या नाममुद्रेप्रमाणे ती कर्त्याची खूण असते.

प्रताधिकार रचना निर्माण होताच जन्माला येतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणीचा उपयोग पुढे वाद झाला तर पुरावा म्हणून होतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना एक मोठे संरक्षण दिले: त्यांनी आपला हक्क कंपनीला विकला, तरी ठरावीक वापरांतून मिळणाऱ्या रॉयल्टीतील आपला वाटा ते सोडून देऊ शकत नाहीत. हा वाटा गोळा करण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था करते, आणि स्वतंत्र कलाकारालाही तिचे सभासद होता येते. गाणी श्रवणसेवांवर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांवर, पोहोचवण्यासाठी वितरक संस्था असतात, ज्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा चिन्हांचा ओळख क्रमांक देतात, आणि जगात कुठेही गाणे वाजले तरी हिशोब त्याच क्रमांकावर चढतो.

मिळकतीबद्दल मात्र तरुणांची फसवणूक होऊ नये. श्रवणसेवा वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करून ते एकूण श्रवणांच्या प्रमाणात वाटतात, त्यामुळे एका श्रवणाचा वाटा अत्यल्प असतो. २०१९ मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम लागू केला, की मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. त्यामुळे बहुतेक स्वतंत्र कलाकार नोकरी-शिक्षण सांभाळून, कार्यक्रम, बीटची विक्री आणि इतरांच्या गाण्यांचे मिक्सिंग, म्हणजे आवाजांचा समतोल साधून गाणे अंतिम रूपात आणण्याचे काम, यांवर आपली कला तगवून धरतात.

गावात काय उभे राहू शकते

साधने स्वस्त झाली तरी सगळेच सोपे झाले असे नाही. वेल्ह्याच्या खोऱ्यांत पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना माइकपुढे बोलता येत नाही. खोलीतील घुमार मोडण्यासाठी भिंतीला आणि दाराला वाकळी किंवा गोधड्या टांगाव्या लागतात. हा उपाय घरगुती असला तरी ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे, कारण जाड, मऊ कापड मधले आणि वरचे स्वर शोषून घेते. पण सर्वांत मोठी उणीव एकत्र जमण्याची आहे. हिप-हॉप शिकण्याची मूळ रीत सायफर ही आहे, म्हणजे कलाकारांनी वर्तुळात उभे राहून एकामागून एक ओळी म्हणायच्या आणि एकमेकांना ऐकून सुधारत जायचे. पडद्यावरून सॉफ्टवेअर शिकता येते, पण श्वास कुठे घ्यावा आणि समोरच्याची ओळ संपताच आपली कशी उचलावी, हे माणसांतच कळते.

हे घडवून आणण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. महाविद्यालयाने आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली, एक माइक आणि एक संगणक खुला केला, मराठी विभागाने विद्यार्थ्यांबरोबर छंद, यमक आणि बोलीचा अभ्यास केला, एखाद्या वकिलाने वर्षातून एकदा प्रताधिकार समजावून सांगितला, आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील आजीकडून ओव्या, ढोलकऱ्याकडून ठेके, नावगावासह आणि लेखी संमतीने मुद्रित केले, तर भोरसारख्या गावात एक संग्रह आणि एक चळवळ एकाच वेळी उभी राहील. त्या संग्रहातून घडलेल्या गाण्याच्या श्रेयनामावलीत रॅपर, बीटमेकर, ढोलकरी आणि ओवी गाणारी बाई ही सगळी नावे असावीत, आणि गाण्याला मिळकत झाली तर तिचा वाटा या सगळ्यांपर्यंत जावा. स्वतंत्र कलाकार म्हणजे कंपनीविना गाणारा एवढाच अर्थ घेतला, तर स्वातंत्र्य एका माणसापुरते उरते. ज्यांच्या आवाजावर आपले गाणे उभे आहे त्यांनाही त्याने त्या गाण्यात नावानिशी मालक केले, तर मराठी हिप-हॉपला या मातीत स्वतःचा पाया मिळेल, आणि तो पाया दुसऱ्या कोणाकडून उसना घ्यावा लागणार नाही.